अडकलेल्या लिफ्टबाहेरचा उमेदवार

सोमवार, २ तारीख

भावोजी म्हणाले, डायरी लिही, विचार स्वच्छ होतात. ताईशी लग्न झाल्यापासून भावोजींनी आमच्या घरातल्या एकूण एक गोष्टीवर मत दिलेलं आहे, पडद्यांच्या रंगापासून बाबांच्या घोरण्यापर्यंत. आता माझी पाळी. तर लिहितो.

परिस्थिती अशी आहे. पदवी हातात आहे. जेमतेम गुणांची असली तरी आहे. अर्ज किती गेले ते मोजायचं मी सोडून दिलंय. उत्तरं येतात ती सगळी एकाच मायेने लिहिलेली: आपला अर्ज वाचून आनंद झाला, पुढील वाटचालीस शुभेच्छा. एवढ्या शुभेच्छा मला वाढदिवसालासुद्धा मिळत नाहीत.

आज जेवताना काकांचा फोन आला. काकांचं दुसऱ्या गावी नळ, बेसिन आणि कमोडचं दुकान आहे आणि त्यांना गल्ल्यावर घरचं माणूस हवंय. फोन ठेवून बाबा म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुझं काही जमलं नाही, तर एक तारखेला तू काकांकडे." काकांकडे म्हणजे दिवसभर दुकान आणि मुक्काम त्यांच्याच घरी. काका उठल्यापासून झोपेपर्यंत कमोडबद्दल बोलतात. जेवतानाही बोलतात. जेवताना तर जास्तच रंगतात.

मी कुठल्या कामाला नाक मुरडत नाही, पण मला तिकडे जायचं नाही. एवढं साधं वाक्य बाबांसमोर तोंडातून फुटलं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो आणि मान डोलावली. बाबांना वाटलं, पोरगा खूश आहे. त्यांनी मला स्वतःच्या ताटातली कोशिंबीर वाढली.

बुधवार, ४ तारीख

भावोजी माझा अर्ज सुधारायला आले. लाल पेन घेऊनच.

"आयुष्यात काय काय केलंस?"

"विशेष काही नाही."

"असं लिहायचं नसतं! क्रियापदं दमदार पाहिजेत."

कॉलेजच्या संमेलनात मी खुर्च्या मांडल्या होत्या. भावोजींनी लिहिलं, 'तीनशे आसनांच्या व्यवस्थापनाचं यशस्वी नेतृत्व.' शेजारी परगावी गेले तेव्हा त्यांच्या मांजराला मी दूध घालायचो. ते झालं, 'दैनंदिन पुरवठा व्यवस्थेची संपूर्ण जबाबदारी.' पूर्ण अर्ज वाचून मलाच त्या माणसाचा धाक वाटला. आईने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "कोण रे हा? चांगला दिसतोय. आपल्या धाकट्या मावशीच्या मुलीसाठी विचारायचं का?"

मधेच जिन्यातून आरडाओरडा. लिफ्ट अडकली होती. आमची लिफ्ट जुनी आहे आणि अडकते ती नेहमी तिसऱ्या-चौथ्याच्या मधे. आम्ही तिसऱ्यावर, आणि दिवसभर घरात सापडणारा धडधाकट माणूस अख्ख्या बिल्डिंगमध्ये मी एकटाच. म्हणून लिफ्ट अडकली की माझ्या नावाने हाका. आत पाचव्या मजल्यावरच्या मॅडम होत्या. एकट्या राहतात. निवृत्त होण्याआधी कुठल्याशा मोठ्या कारखान्यात होत्या, माणसं घ्यायच्या की काढायच्या, असंच काहीतरी काम. गेले दोन महिने लिफ्ट त्यांच्यावरच डूख धरून आहे. बिचाऱ्या आता घडीचं स्टूल घेऊनच लिफ्टमध्ये शिरतात.

"अरे, बोलत राहा रे," मॅडम आतून म्हणाल्या. "गप्प बसलास की मला घाबरायला होतं." आवाज मात्र अजिबात घाबरलेला नव्हता. धीराची बाई.

"काय बोलू?"

"तुझ्याबद्दल सांग."

मी पायरीवर बसून बोलत राहिलो. मांजराचं सांगितलं. ते माझ्याशिवाय कुणाच्या हातचं दूध पीत नसे, आणि शेजारी परत आले त्या दिवशी मला उगीचच वाईट वाटलं होतं, तेही सांगितलं. बऱ्याच वेळाने मॅडम म्हणाल्या, "बघ बरं आता, चालू होते का." मी दारावर चपलेने दोन थापा मारल्या. लिफ्ट चालू! हे माझं खास तंत्र आहे, मॅडमच्या बाबतीत ते कधीच फसलेलं नाही.

घरात येऊन भावोजींना विचारलं, हे अर्जात घालू का? भावोजी म्हणाले, "चपला मारणं हे कौशल्य नाही."

सोमवार, ९ तारीख

भावोजींच्या क्रियापदांनी काम केलं. एका विमा कंपनीने मुलाखतीला बोलावलं. बाबांचा टाय, ताईच्या लग्नातले बूट.

समोर तिघं बसले होते. तिघांनाही चष्मे. सहा काचा माझ्याकडे बघताहेत म्हटल्यावर माझी दातखीळ बसली. पहिल्याने नाव विचारलं. मी म्हणालो, "धन्यवाद." दुसऱ्याने विचारलं, तीनशे आसनांचं नेतृत्व म्हणजे नेमकं काय केलंत? मी त्यांच्या टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. तिसऱ्याने विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मी घड्याळाकडे बघितलं. मला वाटतं इथेच ते संपलं.

घरी आलो तर जिन्यात हाक. मॅडम पुन्हा अडकलेल्या! या वेळी आत स्टुलासोबत चहाचा थर्मासही होता. झाकण उघडल्याचा आवाज आला.

"कशी झाली रे मुलाखत?"

त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. त्यांच्या गॅलरीतून फाटक दिसतं खरं, टाय लावून येताना मी तिथून दिसलो असतो. पण त्या तर लिफ्टमध्ये अडकल्या होत्या.

पायरीवर बसून मी सगळी फजिती सांगितली. दाराकडे बघून बोलायला काय जातं? दाराला डोळे नसतात. मॅडमनी मग भीतीपोटी तेच प्रश्न मला परत विचारायला सुरुवात केली.

"बरं, पाच वर्षांनी कुठे असशील?"

"खरं सांगू? माहीत नाही. जिथे माझ्या असण्याने कुणाला तरी थोडं बरं वाटेल, अशा ठिकाणी असावं. कमोडच्या दुकानात नसावं."

"शेवटचं वाक्य तेवढं काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "बाकी उत्तम."

हवा कमी पडली की माणूस असं काहीतरी असंबद्ध बोलतं. मी घाईघाईने थापा मारल्या. लिफ्ट हलली नाही. "थांब रे, चहा संपू दे," असं काहीतरी ऐकू आलं. मग पुन्हा मारल्या, तेव्हा हलली.

शुक्रवार, १३ तारीख

भावोजींचा नवा सिद्धान्त: प्रत्येक अर्ज त्या त्या कंपनीसाठी वेगळा शिवायचा. कंपनीवर आपलं प्रेम आहे असं तिला वाटलं पाहिजे.

म्हणून गाद्यांच्या कारखान्याला लिहिलं, 'लहानपणापासून मला गादीचं विलक्षण आकर्षण आहे.' हे खरंच आहे, आईला विचारा. पण पुढचा अर्ज करताना फक्त नाव बदललं आणि आकर्षण तसंच राहिलं. त्यामुळे एका रंगाच्या कंपनीला, एका शाळेला आणि एका दातांच्या दवाखान्याला माझं गादीप्रेम कळवलं गेलं आहे. दवाखान्याने तासाभरात शुभेच्छा दिल्या.

कपाळावर हात मारून बसलो. हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. मी वाईट मुलगा नाही. मला काम करायचं आहे. हे लिहायला एकही दमदार क्रियापद सापडत नाही.

मंगळवार, १७ तारीख

मॅडम. पुन्हा. आज आत विणकामही होतं, सुया वाजत होत्या.

आज म्हणाल्या, "या महिन्यात तू नेमकं काय केलंस ते सांग. मोठे शब्द नकोत, मला धाप लागते."

मी विचार केला. "मॅडम, खरं म्हणजे तुमच्याशी बोललो. बाकी काहीच केलं नाही."

आतल्या सुया थांबल्या. मी घाबरून हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "आहे रे, आहे. बघ आता चालू होते का."

आई म्हणते, "ही बाई एवढी लिफ्टने का जाते-येते? रोज सकाळी गच्चीवर तरातरा फेऱ्या मारते की." आईला दुसऱ्याचं दुखणं कधी कळायचंच नाही.

शनिवार, २१ तारीख

आजचा दिवस वाईट.

दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब अडकले. अवाढव्य माणूस, आवाज त्याहून मोठा. मी चपलेच्या दोन थापा मारल्या. काही नाही. चार मारल्या. चप्पल तुटली, लिफ्ट ढिम्म. आतला दिवाही गेला. वकीलसाहेब आधी शिव्या देत होते, मग दारावर धडका द्यायला लागले, मग नुसते "मला काढा, मला काढा" म्हणत रडायला लागले. लिफ्टच्या पाटीवर देखभाल करणाऱ्या कंपनीचा नंबर आहे. आई फोन लावत राहिली. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलेल तर शपथ.

मी दाराला तोंड लावून म्हणालो, "साहेब, घाबरू नका. मी इथेच आहे. तुम्ही सुटल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आधी कोट काढा. काढलात? आता खाली बसा. जमीन लागली ना हाताला?" मग विचारलं, पहिला खटला कोणता होता? ते म्हणाले, "सायकलचोरीचा." सायकल कुठल्या रंगाची, न्यायाधीश कसे होते, घरी येऊन कुणाला आधी सांगितलं, असं एकेक विचारत गेलो. हळूहळू त्यांचा श्वास ताळ्यावर आला. खटला हरले होते म्हणे. ते सांगताना हसलेसुद्धा. शेवटी बाबांनी ओळखीतून दुसराच मेकॅनिक गाठला आणि त्याने दार उघडलं.

वकीलसाहेब बाहेर आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत म्हणाले, "मी रडलो ते कुणाला सांगू नकोस." मी कुणाला सांगणार? डायरीत लिहिलं तेवढंच.

मग मात्र माझं डोकं सणकलं. आतल्या आत त्या माणसाचं काही बरंवाईट झालं असतं तर? बसलो आणि लिफ्टच्या कंपनीला एका दमात तक्रार लिहिली. फोन उचलायला कुणी नाही म्हणजे काय, आत माणूस कसा कासावीस होतो, त्याच्याशी काय बोलावं लागतं, तुमच्या वाटचं हे काम मी या जिन्यात फुकट करतोय, सगळं लिहिलं. भावोजींना दाखवलं नाही. वाचूनही बघितलं नाही. पाठवून दिलं.

बुधवार, २५ तारीख

सकाळी काकांचा फोन. माझी खाट नमुन्यांच्या खोलीत लावली आहे. चारी बाजूंना नवीन माल, खोली हवेशीर. बाबा "वा वा" म्हणाले. मीही मान डोलावली. या मानेचं काय करावं?

दुपारी दुसरा फोन. एक बाई म्हणाल्या, "लिफ्ट कंपनीतून बोलतेय. तुमच्या अर्जासंदर्भात."

"अर्ज नाही, तक्रार आहे ती."

"खाली लिहिलंय, 'आपल्या संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन.' बायोडेटाही जोडलाय."

हे परमेश्वरा. इतके अर्ज लिहिलेत की माझा हात आता आपोआपच तिथे जाऊन थांबतो.

"मग काय समजू?" बाईंनी विचारलं. "तक्रार की अर्ज?"

फोनवर समोर कुणी दिसत नव्हतं. म्हणालो, "दोन्ही समजा."

"शुक्रवारी या."

संध्याकाळी जिन्यात नुसताच उभा राहिलो. लिफ्ट अडकेल अशी फार आशा होती. ती आपली शहाण्यासारखी वर-खाली करत होती. शेवटी पाचव्यावर जाऊन मॅडमच्या दाराची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. समोरासमोर! माझी बोबडी वळली. "शुक्रवारी..." एवढंच म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थांब हं, मला जरा खाली जायचंय." स्टूल घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि काय योग बघा, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकल्या! मी धावत खाली जाऊन पायरीवर बसलो. सगळी तयारी झाली.

शुक्रवार, २७ तारीख

नीट लिहितो, घाई नको.

फोनवाल्या बाईच मुलाखत घ्यायला होत्या. लहानशी खोली, टेबलावर माझी तक्रार. "हे तुम्हीच लिहिलंत?" मी मान डोलावली. "आत अडकलेल्या गृहस्थांना शांत कसं केलंत?" मी तोंड उघडलं, मिटलं. "सांगा ना." काही नाही. बाई चांगल्या होत्या, वाट बघत राहिल्या. मग त्यांनी कागद एकत्र केले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कळवू आम्ही. पुढील वाटचालीस..."

त्या शुभेच्छांच्या आत मला नमुन्यांची खोली दिसली. हवेशीर. मधोमध माझी खाट.

मी उठलो. "मॅडम, मी दाराबाहेर जाऊ?"

"तेच सांगतेय मी."

बाहेर गेलो. दार लावून घेतलं. आणि दाराला तोंड लावून म्हणालो, "मॅडम, घाबरू नका. मी इथेच आहे."

बाहेर बाकावर बसलेले बाकीचे उमेदवार सरकून एकमेकांना चिकटले. मी डोळे मिटले आणि बोलायला लागलो. घाबरलेल्या माणसाला "घाबरू नका" एवढं पुरत नाही, त्याला हाताला काम द्यावं लागतं, कोट काढ, जमिनीला हात लाव. मग त्याला अशा गोष्टीबद्दल विचारायचं जी फक्त त्यालाच माहीत आहे. आणि तुम्ही निघून जाणार नाही, हे मधून मधून सांगत राहायचं, कारण आतल्याला बाहेरचं काही दिसत नसतं. वकीलसाहेबांचं सांगितलं. रडण्याचं गाळलं, शब्द दिलाय.

आतून बाईंचा आवाज आला. "असं किती वेळ बोलू शकता तुम्ही?"

"समोरचं माणूस सुटेपर्यंत."

यानंतर काहीच ऐकू येईना. मला वाटलं, संपलं. आणि हात, हा माझा नालायक हात, सवयीने पुढे झाला आणि दारावर दोन थापा मारल्या.

दार उघडलं. बाई हसत होत्या. म्हणाल्या, लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेणारी जागा रिकामी आहे. लोक येतात, सूचनांचा कागद पोपटासारखा वाचून दाखवतात आणि कंटाळून सोडून जातात. "एक तारखेपासून येणार का? समोर कुणी नसेल, नुसता आवाज."

मी म्हणालो, "धन्यवाद." या वेळी ते बरोबर ठिकाणी बसलं.

रविवार, २९ तारीख

आईला सांगून झालं, ती रडून झाली. भावोजी म्हणाले, "बघ, क्रियापदं कामाला आली." बाबांना सांगायचं राहिलं होतं. परवापासून धीर होत नव्हता. सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, मला नोकरी लागली. आणि मला काकांकडे जायचं नव्हतं. पहिल्यापासूनच नव्हतं."

पाण्याचा आवाज थांबला.

"मग आधी बोलायचं ना, गाढवा," बाबा आतून म्हणाले. "मान डोलावत होतास ती कशाला? मला वाटलं, तुला आवड आहे. मलाही मेलं घर रिकामं होणार म्हणून झोप नव्हती." मग बराच वेळ पाणी नुसतंच पडत राहिलं.

दुपारी लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक आला. माझ्या तक्रारीचा परिणाम! आत एक बोलायचं बटण बसवलं, दाबलं की थेट कंपनीत फोन. त्याने सगळी लिफ्ट तपासली. वकीलसाहेबांच्या वेळी खरंच मोटर बिघडली होती. बाकी वेळी म्हणे लिफ्टला काहीही झालेलं नव्हतं, आतलं थांबवायचं लाल बटण कुणीतरी दाबत होतं. माझ्या लगेच लक्षात आलं. मॅडमच्या स्टुलाची पाठ त्या बटणाला लागत असणार! मी त्यांना सांगितलं, स्टूल दुसऱ्या बाजूला ठेवत जा. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाबा सांगितलंस."

थापांचं मात्र मेकॅनिकला काही सांगता आलं नाही. या लोकांना अनुभवाचं ज्ञान नसतं.

बुधवार, १ तारीख

पहिला दिवस. कानाला यंत्र, समोर भिंत. भिंत फार आवडली.

सकाळी दोन फोन आले. एक मुलगी परीक्षेला निघाली होती, तिला पाढे म्हणायला लावले. एक आजोबा अडकलेच नव्हते, त्यांना बटण कसलं आहे ते बघायचं होतं. दुपारी तिसरा फोन आला. पत्ता बघितला तर आमचीच बिल्डिंग.

"मॅडम! घाबरू नका, मी इथेच आहे."

"अरे, तूच लागलास का!" मॅडम म्हणाल्या. "कसा आहे पहिला दिवस?"

"चांगला आहे. पण स्टूल दुसऱ्या बाजूला ठेवलं होतंत ना?"

"ठेवलं होतं रे."

सुयांचा आवाज नव्हता, थर्मासचा नव्हता. "आज जिना फार शांत वाटला," त्या म्हणाल्या. "तू आता दिवसभर नसणार, हे लक्षातच आलं नव्हतं माझ्या."

तीन महिने मी त्या पायरीवर बसून माझं मांजर, माझे अर्ज, माझे काका, माझं गादीप्रेम, सगळं ओकत होतो. त्यांना मी एकदाही काही विचारलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमच्याबद्दल सांगा."

"माझ्याबद्दल काय सांगायचं?"

"काहीही. मोठे शब्द नकोत."

त्या हसल्या. मग स्टूल सरकवून नीट बसल्याचा आवाज आला, आणि त्या सांगायला लागल्या. मी टेबलावर थापा मारल्या नाहीत.